शिक्षक संघटना, वारसा आणि वाराणसीचा धडा

शिक्षकांच्या संघटनेने आपली ताकद कशावर खर्च करावी? पगार, पेन्शन, बदल्या आणि रिक्त जागा एवढ्यापुरतेच तिचे कार्य मर्यादित असावे, की समाजातील विविधतेचे रक्षण, थोरांच्या जयंत्या, भाषा व संस्कृतीच्या वारशाचे दिवस यांचीही बांधिलकी तिने पत्करावी? शिक्षक चळवळीला हा प्रश्न नवा नाही. एका बाजूचे म्हणणे असे की, संघटना म्हणजे काही उत्सव मंडळ नव्हे. सभासदांची वर्गणी सभासदांच्या भाकरीसाठी वापरली गेली पाहिजे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, शिक्षक हा संस्कृतीचा वाहक आहे आणि ज्या संघटनेला कबीर, रविदास, सावित्रीबाई, प्रेमचंद यांचे स्मरण नाही ती केवळ पगारवाढीची यंत्रणा होऊन बसते.

या दोन्ही बाजू एक गोष्ट विसरतात. वारसा हा केवळ तसबिरीला हार घालण्याचा विषय नाही. वर्गात कोणी शिकवावे आणि कोणी शिकवू नये याचा निवाडा जेव्हा वारशाच्या नावाने केला जातो, तेव्हा वारसा हाच नोकरीचा प्रश्न बनतो. वाराणसीत २०१९ साली नेमके हेच घडले. त्या घटनेचा धडा शिक्षक चळवळीने अजून पुरता घेतलेला नाही, म्हणूनच तिची पुन्हा आठवण करून देणे अगत्याचे आहे.

घटना काय होती?

बनारस हिंदू विद्यापीठाच्या संस्कृत विद्या धर्म विज्ञान संकायात, साहित्य विभागात, नोव्हेंबर २०१९ मध्ये डॉ. फिरोज खान यांची सहायक प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. राजस्थानातील जयपूरजवळच्या बगरू गावचे हे तरुण विद्वान. संस्कृतचे शिक्षण त्यांच्या घरातच होते. वडील रमजान खान हेही संस्कृत शिकलेले आणि गोशाळेत भजने गाणारे. संस्कृत संस्थानाच्या जयपूर परिसरातून फिरोज खान यांनी पीएच.डी. मिळवली होती. निवड समितीने त्यांना एकमताने निवडले आणि निवड विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसारच झाली आहे, असे विद्यापीठ प्रशासनाने जाहीरपणे सांगितले.

तरीही त्याच संकायातील काही विद्यार्थ्यांनी कुलगुरूंच्या निवासासमोर धरणे धरले. तेथे हवन-पूजन झाले, घोषणा झाल्या. मुसलमानाने आम्हाला धर्म शिकवू नये, एवढाच त्यांचा मुद्दा होता. पात्रतेविषयी त्यांना एक अक्षरही बोलता आले नाही. धरणे दोन आठवड्यांहून अधिक काळ चालले. डिसेंबरमध्ये याच संकायातील एका दलित प्राध्यापकाने, खान यांची बाजू घेतल्याबद्दल विद्यार्थी आपल्यावर धावून आले, अशी तक्रार केली. मुसलमान शिक्षकाविरुद्ध पेटवलेली आग दलित शिक्षकाच्या दारापर्यंत पोहोचायला पाच आठवडेसुद्धा लागले नाहीत, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

अखेर डिसेंबर २०१९ मध्ये डॉ. खान यांनी त्या संकायातील पदाचा राजीनामा दिला आणि कला विद्याशाखेच्या संस्कृत विभागात ते रुजू झाले. ज्या वर्गासाठी त्यांची निवड झाली होती त्या वर्गात त्यांना एकही तास घेता आला नाही. पुढच्याच महिन्यात, जानेवारी २०२० मध्ये, त्यांच्या वडिलांना पद्मश्री जाहीर झाली. सरकारने पित्याच्या भजनांचा गौरव केला आणि पुत्राच्या अध्यापनाच्या हक्काचे रक्षण मात्र कोणी केले नाही. विविधतेचा गौरव आणि विविधतेचे रक्षण यांतील अंतर याहून स्पष्ट करून दाखवता येणार नाही.

नाण्याची दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. त्याच विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या दुसऱ्या गटाने खान यांच्या समर्थनार्थ मोर्चा काढला. मालवीयजींचे नातू आणि त्या वेळचे विद्यापीठाचे कुलाधिपती गिरिधर मालवीय यांनी, महामना असते तर त्यांनी या नेमणुकीला पाठिंबाच दिला असता, असे सांगितले. म्हणजे विद्यापीठातील सर्वच लोक प्रतिगामी होते असे मुळीच नाही. संघटित होता तो विरोध; पाठिंबा विखुरलेला राहिला. शिक्षक चळवळीने विचार करावा तो याच गोष्टीचा.

वारसा कोणाचा?

आंदोलकांचा मुख्य आधार होता परंपरा. या संकायाचा पाया धर्मशिक्षणासाठी घातला गेला, संस्थापकांची इच्छा तशी होती, असे ते सांगत. यात काहीच तथ्य नाही असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ४ फेब्रुवारी १९१६ रोजी, वसंत पंचमीला, ज्या विद्यापीठाची पायाभरणी झाली, त्याच्या १९१५ च्या कायद्यात हिंदू धर्मशिक्षणाची तरतूद होती आणि विद्यापीठाच्या कोर्टावर फक्त हिंदूंनाच स्थान होते. परंतु इतिहास १९१६ पाशी थांबलेला नाही. प्रजासत्ताकाची राज्यघटना आल्यानंतर १९५१ साली संसदेने या कायद्यात दुरुस्ती केली. कोर्टावरील धर्माची अट गेली आणि विद्यापीठात शिक्षक किंवा विद्यार्थी म्हणून येणाऱ्या कोणाचीही धार्मिक श्रद्धेची परीक्षा घेता येणार नाही, हे कायद्याने ठरले. विद्यापीठाच्या नावातील ‘हिंदू’ शब्द वगळण्याच्या प्रश्नावरून १९६५ साली मोठे आंदोलन झाले आणि नाव कायम राहिले. नाव राहिले म्हणून वर्गाचे दार बंद झाले, असा त्याचा अर्थ होत नाही.

राज्यघटनेच्या सोळाव्या कलमाप्रमाणे सरकारी नोकरीत धर्मावरून भेदभाव करता येत नाही. धार्मिक संस्थेच्या कारभाराशी निगडित पदासाठी त्यात अपवाद आहे, याकडे विरोधकांनी बोट दाखवले तर त्यांना अठ्ठाविसावे कलम वाचून दाखवले पाहिजे. पूर्णतः सरकारी पैशाने चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, असे ते कलम सांगते. सार्वजनिक तिजोरीतून चालणारे केंद्रीय विद्यापीठ एकाच वेळी विद्यापीठ आणि मठ होऊ शकत नाही. शिवाय वाद ज्या विभागात झाला तो साहित्याचा विभाग होता, हे तर आंदोलकांनी सोयीस्करपणे दृष्टीआड केले.

आणि परंपरा म्हणाल तर काशीची परंपरा तरी कोणती? दारा शुकोहने १६५७ साली उपनिषदांचे फार्सी भाषांतर सिद्ध केले ते काशीच्याच पंडितांच्या साहाय्याने. गोदातीरावरून काशीला जाऊन स्थायिक झालेले मराठी संन्यासी कवींद्राचार्य सरस्वती यांनी शाहजहानच्या दरबारात यात्राकराविरुद्ध शिष्टाई केली आणि तो कर रद्द करवला. त्यांचे दाराशी विद्येचे नाते होते. एकनाथांनी आपला भागवतावरील मराठी ग्रंथ १५७३ साली काशीतच पुरा केला. देववाणीतील ज्ञान प्राकृतात आणल्याबद्दल तेथील पंडितांनी प्रथम विरोध केला आणि शेवटी तोच ग्रंथ मिरवला, अशी कथा महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. काशीचा विणकर कबीर, काशीचाच चर्मकार रविदास आणि आमचा शिंपी नामदेव यांची पदे गुरू ग्रंथसाहिबात शेजारी शेजारी बसली आहेत. गंगेकाठच्या बालाजी मंदिरात सनईचा रियाज करणाऱ्या बिस्मिल्ला खान यांना २००१ साली भारतरत्न मिळाले. युनेस्कोने २०१५ साली वाराणसीला संगीताचे शहर म्हणून मान्यता दिली, ती ज्या वारशाच्या बळावर, तो वारसा एका धर्माचा नाही.

पण काशीत दुसरीही एक परंपरा आहे आणि ती लपवून चालणार नाही. ज्ञानाच्या दाराशी उभे राहून येणाऱ्याचे कूळ विचारण्याची ती परंपरा होय. ती काशीपुरतीही नाही. कलकत्ता विद्यापीठात १९१० साली मुहम्मद शहीदुल्ला या विद्यार्थ्याला, तो मुसलमान म्हणून, वेद शिकवण्यास पंडिताने नकार दिला. पुढे तोच विद्यार्थी बंगाली भाषेचा थोर अभ्यासक झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात बाबासाहेब आंबेडकरांना संस्कृत शिकायचे होते, त्यांना फार्सी घ्यावी लागली. त्या वेळी शिकणाऱ्याला अडवले गेले, २०१९ मध्ये शिकवणाऱ्याला अडवले गेले. फरक एवढाच.

महाराष्ट्रातील वाचकांना येथे पंडित गुलाम दस्तगीर बिराजदार यांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. सोलापूर जिल्ह्यातील या गरीब मुसलमान घरच्या मुलाने संस्कृत शिकून मुंबईत वरळीच्या शाळेत ते आयुष्यभर शिकवले आणि वाराणसीच्या विश्व संस्कृत प्रतिष्ठानचे महासचिवपद भूषवले. २०२१ साली त्यांचे निधन झाले. म्हणजे ज्या शहरातील एका संस्थेने मराठी मुसलमान पंडिताला आपला महासचिव केले, त्याच शहरात एका मुसलमान शिक्षकाला वर्गात पाऊल ठेवता आले नाही. तेव्हा प्रश्न परंपरेचा नसून, दोन परंपरांपैकी आपण कोणती निवडतो याचा आहे.

रागामागचे दारिद्र्य

धरण्यावर बसलेल्या विद्यार्थ्यांना केवळ धर्मांध म्हणून सोडून देणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. संस्कृत पाठशाळांतून येणारे अनेक विद्यार्थी खेड्यांतील गरीब घरांतले असतात. शास्त्री, आचार्य या पदव्यांना नोकरीच्या बाजारात फारशी किंमत नाही. पौरोहित्य, लष्करातील धर्मशिक्षकाच्या मोजक्या जागा आणि अध्यापन यांखेरीज त्यांच्यापुढे फारसे काही नसते. अशा वेळी जी एक जागा निघते तीवर परका आला, असे त्यांच्या कानात सांगणारे तयारच असतात. बेकारीला जबाबदार असलेली व्यवस्था नजरेआड होते आणि समोर उभा केला जातो तो आपल्यासारखाच गरीब घरातून, परीक्षा देत देत वर आलेला तरुण शिक्षक. कष्टकऱ्यांना कष्टकऱ्यांविरुद्ध उभे करण्याचा हा जुनाच डाव आहे. तो उधळायचा तर रिक्त जागा भरण्याची मागणी आणि भेदभावाविरुद्धचा लढा हे दोन्ही एकाच व्यासपीठावरून लढवले गेले पाहिजेत.

संघटनेपुढील कार्य

केवळ आर्थिक मागण्या लढवाव्यात असे म्हणणाऱ्या शिक्षक बंधुभगिनींच्या मतामागे अनुभव आहे. उत्तर प्रदेशातील माध्यमिक शिक्षकांना नियमित पगाराची कायदेशीर हमी १९७१ च्या कायद्याने मिळाली, ती संघर्षाशिवाय नव्हे. विद्यापीठीय व महाविद्यालयीन शिक्षकांनी १९८७ साली देशव्यापी संप केला तो वेतनश्रेणीसाठी. सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०१७ च्या निकालाने उत्तर प्रदेशातील लाखाहून अधिक शिक्षामित्रांचे कायम होणे रद्द झाले, तेव्हा जयंतीच्या हारांनी कोणाची चूल पेटली नाही. हे सर्व खरे आहे. परंतु धर्मामुळे, जातीमुळे किंवा स्त्री असल्यामुळे शिक्षकाला वर्गातून हुसकावले जाणे हा सेवाशर्तींचाच प्रश्न नव्हे काय? आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनेस्को यांनी ५ ऑक्टोबर १९६६ रोजी शिक्षकांच्या दर्जाविषयी जी शिफारस स्वीकारली, तीत शिक्षकांच्या नेमणुकीत वंश, वर्ण, लिंग, धर्म, राजकीय मत यांवरून कोणताही भेदभाव असू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. पगाराची आणि निवृत्तीची कलमे त्याच दस्तऐवजात आहेत. जगातील शिक्षकांनी या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या नाहीत.

अमेरिकेचा अनुभवही बोलका आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरवला. कृष्णवर्णीयांच्या शाळा बंद झाल्या आणि हजारो कृष्णवर्णीय शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. गोऱ्या शिक्षकांचा वरचष्मा असलेली मोठी राष्ट्रीय संघटना आणि कृष्णवर्णीय शिक्षकांची स्वतंत्र संघटना यांचे एकीकरण व्हायला १९६६ साल उजाडावे लागले. आज तेथे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना पाळला जातो. पण वारशाचे दिवस पाळणे ही तुलनेने सोपी गोष्ट. नोकरी जात असताना पाठीशी उभे राहणे ही कठीण गोष्ट. या दोहोंची सांगड जेथे तुटते तेथे दिनविशेष हा देखावा ठरतो.

म्हणून जयंत्या पाळाव्यात की नाहीत हा प्रश्न अशा रीतीने मांडणेच चुकीचे आहे. त्या अवश्य पाळाव्यात. लमहीत जन्मलेल्या, शाळामास्तर म्हणून आयुष्य सुरू केलेल्या आणि १९२१ साली सरकारी नोकरी सोडणाऱ्या प्रेमचंदांचे स्मरण शिक्षकांनी नाही करायचे तर कोणी करायचे? परंतु त्यासाठी तीन गोष्टी ठरवल्या पाहिजेत. पहिली, कोणते दिवस पाळायचे हे सत्ताधाऱ्यांच्या परिपत्रकाने नव्हे, तर सभासदांच्या सभेत ठरावे आणि त्यांत सहभागाची सक्ती नसावी. दुसरी, तो दिवस हारतुऱ्यांत न संपता वर्गात पोहोचावा. कबीर जयंतीला विणकरांच्या मुलांची शाळेतील गळती आणि रविदास जयंतीला राखीव पदांचा अनुशेष, हे विषय चर्चेला असावेत. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, जन्माच्या कारणावरून कोणत्याही शिक्षकाला शिकवण्यापासून रोखले गेले तर तो प्रश्न संघटनेच्या कामकाजात पहिला असावा आणि तो शिक्षक सभासद आहे की नाही, हे विचारले जाऊ नये.

नोव्हेंबर २०१९ मध्ये वाराणसीत सर्व शिक्षक संघटना एकजुटीने त्या संकायाच्या दाराशी उभ्या राहिल्या असत्या आणि आमच्या सहकाऱ्याचा तास होईल, असे त्यांनी ठणकावून सांगितले असते, तर तो कबीराचा आणि रविदासांचा खरा उत्सव ठरला असता. ती संधी हुकली. अशी वेळ पुन्हा येणार आहे. वाराणसीत येईल, तशी सोलापुरात, नागपुरात, पणजीतही येईल. त्या वेळी संघटनेचा फलक उत्सवाच्या मांडवात दिसतो की वर्गाच्या दाराशी, यावरच तिच्या बांधिलकीची परीक्षा होईल.