गाडी भावाची, सही बहिणीची

अब्बांचा चाळिसावा झाला आणि त्याच आठवड्यात मी आपाला उमरखेडहून हदगावला घेऊन आलो. अब्बांच्याच बोलेरोतून. ती पुढच्या सीटवर बसली होती, वाटभर डॅशबोर्डवरून हात फिरवत होती. अब्बांनी तिथे चिकटवलेलं आयतुल कुर्सीचं स्टिकर एका कोपऱ्यात उखडलं होतं, ते तिने दाबून बसवलं. मग आम्ही एका टायपिस्टकडे गेलो. शंभर रुपयांच्या बाँडवर मजकूर आधीच टाईप झालेला होता. "कहां करूं?" एवढंच तिने विचारलं. मी बोट ठेवलं, तिने सही केली. छोटी चाळिसाव्याला लातूरहून आली होती, तिची सही ती परत जायच्या आधीच घेऊन ठेवली होती. धाकटा भाऊ पुण्याला. त्याने फोनवर सांगितलं, भाईजान, गाडी तुमच्याकडेच राहू द्या.

ही 2018 ची गोष्ट. गेल्या वर्षी गाडी विकायला काढली तेव्हा जुनी फाईल उघडली आणि बहिणींनी सही केलेला कागद मी पहिल्यांदा वाचला. हो, पहिल्यांदा. त्यात लिहिलं होतं की सदर वाहनावर माझा कोणताही हक्क, हिस्सा व हितसंबंध राहिलेला नाही व भविष्यात राहणार नाही.

आरटीओच्या कामासाठी एवढ्या वाक्याची गरजच नव्हती. मालक वारला की काय करायचं ते केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या 56 व्या नियमात आहे. गाडी ज्याच्या ताब्यात येते त्याने तीस दिवसांत मृत्यूची खबर द्यायची आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म 31 भरून आपल्या नावावर नोंदणी मागायची. बाकीच्या वारसांची हरकत नाही, असं शपथपत्र सोबत लावतात. ही हरकत कशाला नसायला हवी? नोंदणी माझ्या नावावर व्हायला. बस्स. "नोंदणी भावाच्या नावे होण्यास हरकत नाही, वाहनाच्या किमतीतील माझा वारसा हिस्सा कायम आहे" असं लिहिलं असतं तरी नोंदणीला लागणारी संमती त्यात होती. पण एजंटाकडे एक साचा होता, टायपिस्टकडे तोच साचा होता, आणि माझ्या सोयीचाही तोच होता. मी वाचला नाही, कारण वाचण्यात माझा फायदा नव्हता.

हा लेख मी माझ्यासारख्या भावांसाठी लिहितोय. पंचवीस-तीस वर्षांचे, फोनवर पीडीएफ उघडून घटनेची कलमं सांगणारे, आणि घरात बहिणीला कोरं बोट दाखवणारे.

आधी आरसी बुकाबद्दलचा गैरसमज. आपल्याकडे समजतात की आरसीवर ज्याचं नाव, गाडी त्याची, विषय संपला. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 2(30) मध्ये मालक म्हणजे ज्याच्या नावावर वाहन नोंदलेलं आहे तो, असं म्हटलंय, हे खरं. पण ही व्याख्या कशासाठी आहे? अपघात झाला, दंड झाला, तर कोणाला धरायचं हे ठरवण्यासाठी. सर्वोच्च न्यायालयाने 6 फेब्रुवारी 2018 च्या निकालात हेच सांगितलं. एका माणसाने गाडी विकली, ती पुढे आणखी हातांत गेली, आरसीवरचं नाव मात्र कोणी बदललंच नाही. अपघात झाला तेव्हा नुकसानभरपाईची जबाबदारी त्या पहिल्या माणसावरच आली. ज्याने गाडी कधीच देऊन टाकली होती, तो. (ज्यांनी मेहुण्याला, चाचाच्या मुलाला नुसती चावी देऊन गाडी "विकली" आहे, त्यांनी आजच फॉर्म 29 आणि 30 भरावेत. आपल्या भागात अशा गाड्या किती फिरतात ते सगळ्यांना माहीत आहे.)

मेलेल्या माणसाच्या दौलतीत कोणाचा किती वाटा, हा प्रश्न आरसी सोडवत नाही. तो सोडवतो वारसा कायदा. आणि आपल्यासाठी तो कोणता? 1937 चा शरीयत कायदा. गंमत बघा, त्या कायद्याच्या दुसऱ्या कलमात शेतजमिनीला अपवाद आहे. वावराच्या वाटणीत शरीयत कुठे लागते, कुठे नाही, यावर वकील तासभर बोलू शकतात. गाडीला असा अपवाद नाही. बोलेरो, बुलेट, ट्रॅक्टर, ऑटो ही जंगम मालमत्ता आहे, आणि मृत्युपत्र नसेल तर ती सरळ शरीयतप्रमाणे वाटली जाते. म्हणजे ज्या वस्तूवर आपला स्वतःचा कायदा बिनतक्रार लागतो, नेमकी तीच वस्तू आपण वाटणीतून बाहेर ठेवतो.

"गाडी में काय का हिस्सा रे बाबा?" हे मी चाचांच्या तोंडून ऐकलंय, दुल्हाभाईंच्या तोंडून ऐकलंय, आणि खोटं कशाला बोलू, स्वतःच्या तोंडूनही. घर असेल तर हिस्सा, प्लॉट असेल तर हिस्सा, पण गाडी म्हणजे काय, वापरायची चीज. सूरह निसाची सातवी आयत उघडा. मागे राहिलेलं थोडं असो की जास्त, त्यात पुरुषांचा वाटा आहे तसा स्त्रियांचाही आहे, असं तिथे साफ सांगितलंय. "थोडं" हा शब्द तिथे आहे. गाडी थोड्यात धरा की जास्तात, वाट्यातून ती सुटत नाही.

आता आमच्या घरचा हिशेब मांडतो, कारण आकडे दिसले नाहीत तर हे सगळं हवेत राहतं. 2018 ला त्या बोलेरोची बाजारात चार लाख ऐंशी हजार किंमत येत होती. मोंढ्यातल्या एका व्यापाऱ्याने तेवढे देतो म्हणून अम्मीला निरोप पाठवला होता. दादा-दादी आधीच गेलेले. अम्मीचा आठवा हिस्सा, म्हणजे 60,000. राहिले 4,20,000. दोन भाऊ, दोन बहिणी. भावाला दोन वाटे, बहिणीला एक, असे सहा वाटे. एक वाटा 70,000. म्हणजे आपाचे सत्तर हजार, छोटीचे सत्तर हजार, धाकट्याचे एक लाख चाळीस, माझे एक लाख चाळीस. मी चार लाख ऐंशी हजार ठेवून घेतले आणि घरात सगळे म्हणाले, मोठा मुलगा आहे, जबाबदारी त्याच्यावर आहे.

भावाला बहिणीच्या दुप्पट का, यावर वाद होतो, व्हायलाही हवा. पण माझा मुद्दा त्याच्या अलीकडचा आहे. जो अर्धा तिला लिहून दिलाय तोसुद्धा आपण देत नाही. शरीयतमध्ये हस्तक्षेप नको म्हणून निवेदन घेऊन तहसीलवर गेलेल्यांत मीही होतो. त्याच फाईलमध्ये, त्याच निवेदनाच्या खाली, तो शंभरचा बाँड होता. आपल्या व्यक्तिगत कायद्यात सर्वांत मोठा हस्तक्षेप कोणी केला असेल तर तो घराघरातल्या मोठ्या भावाने केलाय.

आणि माझा वर दिलेला हिशेबही अपुराच आहे. वाटणीच्या आधी कर्ज फेडायचं असतं. 2012 ला गाडी घेतली तेव्हा डाऊन पेमेंटला पैसे कमी पडले आणि अम्मीच्या चार तोळ्यांच्या पाटल्या मोडल्या. "पीक आलं की करून देतो," अब्बा म्हणाले होते. हळदीचा भाव त्या वर्षी पडला, पुढच्या वर्षी आणखी काही निघालं. पाटल्या झाल्या नाहीत. ते अब्बांवरचं कर्ज होतं आणि अम्मीचा आठवा हिस्सा त्याच्यानंतर येतो. बाकी राहिलेलं मेहर हेही नवऱ्यावरचं कर्जच. आपल्या किती घरांत मय्यत उठायच्या आधी बाईकडून मेहर "माफ" करून घेतात ते आठवा. समोर नवऱ्याचं कफन, आजूबाजूला दिरांची रांग, आणि विचारतात, माफ किया ना भाभी? ती काय बोलणार?

माफीची भाषा बहिणींच्या बाबतीतही हीच. "आमच्या बहिणींनी खुशीने सोडलं." खुशी असेल तर उत्तम. पण माफ करायचं तर काय माफ करतोय ते आधी कळायला हवं. आपाला सत्तर हजार हा आकडा कोणी सांगितला होता? नोटा तिच्या हातात ठेवा, दोन दिवस तिच्या घरात राहू द्या, आणि मग तिने परत केल्या तर ती माफी. टायपिस्टच्या टेबलावर बोट ठेवून घेतलेली सही ही माफी नाही.

मला उत्तर मिळेल की हिस्सा मागितला की माहेर तुटतं. तुटतं, मान्य. पण तोडतं कोण? ईदला आपा येते तेव्हा तिच्यासाठी साडी, मुलांना ईदी, जाताना डब्यात शिरखुर्मा. हे सगळं तिच्याच सत्तर हजारांच्या व्याजातून आपण करत असतो आणि वर म्हणतो, बहिणीचं किती करतो. माहेराची किंमत म्हणून हिस्सा ठेवून घेणं याला दुसरं नाव द्यायला मला संकोच वाटतो.

हल्ली एक नवी पळवाट निघाली आहे. 2021 च्या दुरुस्तीनंतर आरसीवर नॉमिनी लावता येतो. सोय चांगली आहे, मृत्यूनंतरची धावपळ वाचते. पण "नॉमिनी मी, म्हणून गाडी माझी" असं म्हणणारे भेटायला लागलेत. कालनिर्णयचे संस्थापक जयंत साळगावकर 2013 ला वारले. त्यांच्या मागे शेअर्स आणि म्युच्युअल फंडांवरून कुटुंबात वाद झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 14 डिसेंबर 2023 ला न्यायालय म्हणालं की कंपनी कायद्याखालचा नॉमिनी हा पूर्ण मालक होत नाही, वारसांचा हक्क त्याने मरत नाही. विम्याच्या पैशाबाबत हेच 1983 ला सांगितलं होतं. हे निकाल गाडीवरचे नाहीत, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पण नॉमिनी म्हणजे वारसदार नव्हे, हा त्यामागचा विचार लपवून बहिणीला फक्त आरसी दाखवू नका.

दुसऱ्या टोकाला जहेजची गाडी आहे. माझं मत विचाराल तर जहेज देऊच नये आणि घेऊच नये. 1961 पासून हुंडा हा गुन्हा आहे. तरी मंडपाबाहेर हार घातलेली गाडी उभी असतेच, निदान मोटारसायकल तरी. पैसे मुलीच्या बापाचे, आरसी दामादच्या नावावर. तलाक झाला की मुलगी परत येते, गाडी येत नाही. अशा बापांना माहीत नसतं की 1986 च्या मुस्लिम महिला कायद्याच्या कलम 3(1)(ड) प्रमाणे लग्नाआधी, लग्नात किंवा नंतर तिच्या नातेवाइकांनी तिला दिलेली मालमत्ता घटस्फोटित स्त्री परत मागू शकते. पश्चिम बंगालमधल्या एका स्त्रीने लग्नातले सात लाख रुपये आणि तीस भरी सोनं मागितलं होतं. बापाच्याच जबाबात ते जावयाला दिल्याचं आलं म्हणून उच्च न्यायालयाने नाही म्हटलं. डिसेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिचा दावा मान्य केला. तिचं लग्न 2005 चं. वीस वर्षं. बिल मुलीच्या नावाने, आरसी मुलीच्या नावाने असती तर गाडीपुरता हा रस्ता किती लहान झाला असता! मुलीला दिलं म्हणता ना, मग कागदावर तिचं नाव टाकताना हात का थांबतो? तिला गाडी चालवता येत नाही म्हणून? अब्बांनाही शेवटची दोन वर्षं चालवता येत नव्हती, आम्ही त्यांचं नाव काढलं नव्हतं.

ज्या घरात पुण्याचा किंवा सौदीचा मुलगा हप्ते भरतो आणि इज्जत म्हणून गाडी बापाच्या नावावर घेतो, तिथे भांडण उलट्या बाजूने येतं. बाप गेला की कागदावर ती बापाची, म्हणजे सगळ्यांची. त्याने बँकेचं स्टेटमेंट जपलं नसेल, घरात चार माणसांसमोर बोलणं झालं नसेल, तर त्याच्या हातात आठवणींशिवाय काही नाही.

गेल्या वर्षी गाडी तीन लाखांना गेली. वाटे मात्र मी 2018 च्या भावाने काढले, कारण मधली सात वर्षं ती मीच फिरवली. अम्मीच्या पाटल्यांचं आजच्या सोन्याच्या भावात किती होतं ते काढलं आणि घाबरलो. ते थोडं थोडं चालू आहे. धाकटा म्हणाला, माझं सध्या राहू द्या. आपाने पैसे मोजून घेतले, कपाटात ठेवले, आणि मला चहा दिला. काही बोलली नाही. छोटीने घेतले नाहीत. म्हणाली, "पहले वो कागद दिखाओ जिसपे मैने साइन करी."

झेरॉक्स मी तिला पोस्टाने लातूरला पाठवली आहे.