शीळ घालणे

दिवाळीच्या सुटीत आम्ही सारे आगरदांड्याला गेलो होतो. पहिल्याच संध्याकाळी आमच्या चौदा वर्षांच्या कन्येने ओटीवर आकाशकंदील लावता लावता छान शीळ घातली. लगेच आतून आईचा आवाज आला, "कोण गं ते? तिन्हीसांजेला शीळ घालू नये. साप येतात घरात!"

"आजी, सापाला कान कुठे असतात?" कन्या म्हणाली. तिचे अगदीच चूक नव्हते. सापाला बाहेरचे कान नसतात. जमिनीची कंपने आणि खालच्या पट्टीतले आवाज त्याला कळतात. शीळ पडते फार वरच्या पट्टीत. तेव्हा आईने दुसरे अस्त्र काढले : "आणि मुलीच्या जातीला शोभत नाही ते!"

मी पडलो मराठीचा प्राध्यापक. कोटीची संधी कशी सोडणार? म्हणालो, "शीळ आणि शील यांत एका अक्षराचेच अंतर आहे, बाळ."

ती गप्प झाली. पण माझी कोटी मलाच रात्रभर टोचत राहिली. शेजारचा मुलगा दिवसभर शिट्ट्या मारीत हिंडत होता. त्याचे शील कोणी काढले नव्हते.

खरे तर आपल्या भाषेने इथे नेमका भेद केला आहे. शिट्टी वाजवतात. गाडीचा गार्ड वाजवतो, पोलीस वाजवतो, आणि स्वयंपाकघरातला कुकर तर तीन वेळा वाजवून डाळ शिजल्याची वर्दी देतो. रस्त्यावरचा टवाळ शिट्टी मारतो. दगड मारावा तशी. पण शीळ मात्र घालतात. साद घालतात, साकडे घालतात, आमच्या कोकणात देवाला गाऱ्हाणे घालतात, तशीच शीळ! पलीकडे ऐकणारे कोणीतरी आहे, या भरवशावर ती घातलेली असते. ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' जी. एन. जोशी यांच्या आवाजात तबकडीवरून घरोघर गेली, ती काय उगीच?

दुसऱ्या दिवशी कन्येचा रुसवा काढायला मी तिला धक्क्यावर नेले. दिघीला जाणारी फेरीबोट राजपुरीच्या खाडीत शिरत होती. मी तिला भोंग्याची भाषा सांगितली. जहाजांच्या टकरी टाळण्यासाठी १९७२ साली जे आंतरराष्ट्रीय नियम झाले, त्यांत भोंग्यालाही शिट्टीच म्हटले आहे. एक आखूड शिट्टी म्हणजे मी उजवीकडे वळतो आहे. दोन म्हणजे डावीकडे. तीन म्हणजे यंत्र उलटे चालवले आहे. निदान पाच आखूड शिट्ट्या झाल्या, तर 'बाबा रे, तुझा बेत मला कळत नाही!' आणि धुक्यात चालत्या जहाजाने फार तर दोन मिनिटांच्या अंतराने एक लांब शिट्टी देत राहायचे. तिचा अर्थ एवढाच, की मी इथे आहे.

मग ओघाने गोमेराही निघाले. कॅनरी बेटांपैकी या बेटावर लोक दऱ्यांच्या आरपार शिळेने चक्क बोलतात. ती भाषा शाळेत शिकवतात, आणि २००९ साली युनेस्कोने तिला मानवी वारशात स्थान दिले. आपल्या मेघालयातल्या काँगथाँग गावात तर आई प्रत्येक मुलासाठी एक धून रचते, आणि तेच त्याचे नाव होते.

कन्येने सारे ऐकून घेतले आणि विचारले, "मग बाबा, मी का नको?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते.

भाऊबीजेच्या संध्याकाळी आबा फिरायला गेले ते परतलेच नाहीत. आबा म्हणजे माझे वडील. जन्मभर मास्तरकी केलेले, शीळ घातली म्हणून लहानपणी माझा कान पिळणारे. त्यात वीज गेली. आम्ही कंदील घेऊन खाडीकडे धावलो. "आबा! आबा!" वाऱ्यापुढे आणि भरतीच्या गाजेपुढे हाका विरून जात होत्या. इतक्यात कन्येने दोन बोटे तोंडात घातली.

माणसाच्या शिळेचा सारा जोर हजार ते चार हजार हर्ट्झच्या पट्टीत एकवटलेला असतो, आणि आपला कान तिथेच सर्वांत तिखट असतो. हे मी एकदा वाचले होते. त्या रात्री ऐकले. तिची शीळ अंधार चिरीत गेली. आम्ही श्वास रोखून उभे राहिलो. आणि खडकांच्या बाजूने एक बारीक, थरथरती शीळ परत आली!

आबा एका उलट्या होडीला टेकून बसले होते. पाय मुरगळला होता, हाका मारून घसा बसला होता.

"आबा, तुम्हाला शीळ येते?" मी विचारले.

"पोरपणी येत होती," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "वडिलांनी मारून बंद केली."

मी मान खाली घालून त्यांना खांद्याचा आधार दिला.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला आबा मागच्या वाडीत खुर्ची टाकून बसले होते. आईने तुळशीपुढे दिवा ठेवला, चुलीवरचा चहा गाळला आणि कन्येला म्हणाली, "आबांना हाक ऐकू जायची नाही. जरा शीळ घाल गं. म्हणावं, चहा झालाय."