लॅबची किल्ली कुणाच्या कमरेला?

मी पनवेलच्या एका अनुदानित शाळेत शिकलो. नाव सांगत नाही, नावानं काय फरक पडतो? 2008 साली आठवीत होतो. वेळापत्रकात आठवड्याला दोन तास 'संगणक'. सर खडूनं फळ्यावर कीबोर्ड काढायचे. माऊस काढायचे, त्याची शेपटी काढायचे. आम्ही वहीत उतरवायचो. 'सीपीयूला संगणकाचा मेंदू म्हणतात', पाच वेळा लिहा. खरा मेंदू शेजारच्या खोलीत कुलपात. किल्ली हेडमास्तरांच्या टेबलात.

खोली उघडायची दसऱ्याला. मॉनिटरला झेंडूची माळ, कीबोर्डवर हळदकुंकू. आदल्या दिवशी झाडायला कुणाला बोलवायचे? स्टेशनपलीकडच्या आमच्या वस्तीतल्या पोरांना. आणि दारावर पाटी : 'चपला बाहेर काढा.' धूळ जाते म्हणे! माझ्या आज्याला पाटलाच्या वाड्यापुढून जाताना चपला हातात घ्याव्या लागायच्या. तिथं कुठला कॉम्प्युटर होता?

सरकारनं काहीच केलं नाही असं नाही. 1984 साली दिल्लीनं शाळांसाठी 'क्लास' नावाची योजना काढली. विलायतेतून बीबीसी मायक्रो यंत्रं आणली, सुरुवात अडीचशे शाळांपासून. 2004 साली 'आयसीटी ॲट स्कूल' आली. महाराष्ट्रात हजारो शाळांत लॅब झाल्या. पण कशा? पाच वर्षांच्या कंत्राटावर. कंपनीनं यंत्रं बसवायची, मास्तर नेमायचा, मुदत संपली की यंत्रं शाळेच्या गळ्यात टाकून निघून जायचं. यंत्र राहिलं, मास्तर गेला. ते कॉम्प्युटर मास्तर आझाद मैदानात बसले, घसा फोडला. गणिताचा मास्तर कायम, कॉम्प्युटरचा मास्तर भाड्याचा! मग तास कोण घेणार? ज्याचा तास रिकामा तो. चित्रकलेचा नाहीतर पीटीचा. त्या बिचाऱ्याचा दोष नाही.

आता तिकडं खारघरच्या टॉवरांत बघा. सीबीएसईनं 2019 पासून नववीच्या पोरांना कृत्रिम बुद्धिमत्ता हा ऐच्छिक विषय दिला. अकरावी-बारावीला पायथॉन. आपल्या बोर्डाच्या बारावीला 8085 नावाची चिप वर्षानुवर्षं घोकून घेतली, इंटेलची, 1976 सालची! तीसुद्धा बायफोकलची जागा मिळाली तर. 2020 च्या धोरणात लिहिलंय, सहावीपासून कोडिंग. लिहिलंय. यूडायसचा 2023-24 चा आकडा सांगतो, देशातल्या जेमतेम 57 टक्के शाळांत चालू कॉम्प्युटर आहेत. घरी शिका म्हणता? सरकारचीच 2017-18 ची पाहणी आहे : शहरात शंभरातल्या 23 घरांत कॉम्प्युटर, खेड्यात चार घरांत.

कुणी पांढरपेशा लगेच म्हणेल, कोडला जात नसते. कोडला नसते रे, कोड लिहिणाऱ्याला असते. 2020 साली कॅलिफोर्नियाच्या सरकारी खात्यानं सिस्को कंपनीवर खटला भरला, दलित इंजिनिअरला जातीवरून त्रास दिल्याच्या आरोपाचा. आणि आपण? आईचे कानातले गहाण ठेवून एमएस-सीआयटी करतो, कारण सरकारी नोकरीला ते सर्टिफिकेट लागतं. त्यात वाईट काही नाही. पण वर्डमध्ये अर्ज टाइप करणं म्हणजे कॉम्प्युटर सायन्स नव्हे. प्रोग्राम लिहितो तो हुकूम देतो. डेटा भरतो तो हुकूम पाळतो. मी महापेला एका कंपनीत चार वर्षं रात्रपाळीला डेटा भरला, मला विचारा. 25 डिसेंबर 2025 पासून आपल्या विमानतळावरून विमानं उडायला लागली. तारीख ओळखीची आहे ना? ट्रॉल्या कोण ढकलतंय, जाऊन बघा.

रविवारी मी विहारात एका जुन्या लॅपटॉपवर पोरांना शिकवतो. परवा मतदारयादी घेतली, हजार नावं, बाराखडीच्या क्रमानं. म्हटलं, एक नाव शोधायचं. पहिल्यापासून वाचत बसलात तर हजार वेळा बघावं लागेल. मधोमध उघडा. नाव पुढं की मागं? अर्धी यादी बाद. परत मधोमध. दहा वेळात नाव सापडतं! पोरं हसली, जादू म्हणाली. आठवीतली एक पोरगी हसली नाही. म्हणाली, "दादा, यादी क्रमानं लावलेली नसली तर?"

मी गप्प झालो. अख्खा विषय तिथून पुढं सुरू होतो. फळ्यावरचा माऊस बघून ही पोरगी वर्षभर वहीत शेपटी काढतेय.

1923 साली मुंबई कौन्सिलात बोल्यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. 1924 साली महाड नगरपालिकेनं तो मानला. कागदावर तळं उघडं झालं. आपल्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात. तरी 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना माणसं घेऊन पायऱ्या उतराव्या लागल्या. लॅबही कागदावर उघडीच आहे, मित्रांनो.

आठवीपर्यंतच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत पालक तीन-चतुर्थांश असतात, 2009 च्या कायद्यानं. माहितीचा अधिकार 2005 पासून आहे. अर्ज लिहून ठेवलाय : वर्षात लॅब किती दिवस उघडली, किती यंत्रं चालू आहेत, मास्तर कोण, त्याचं शिक्षण काय. सोमवारी अकरा वाजता त्या पोरीला आणि तिच्या आईला घेऊन शाळेच्या गेटवर जातोय. या. चपला पायात ठेवून या.