किल्ल्याचे दगड आणि पेटीतले मासे

चाळ सुटून ब्लॉक आला, अंगणाच्या जागी जिन्याखालचा ओटा आला, पण आमच्या घरचा दिवाळीचा किल्ला काही सुटला नाही. भाऊबीज उलटली की मावळे खोक्यात जातात, तटावर पेरलेले हळीव सुकतात आणि मागे उरतो तो दगडांचा ढीग. "याचे आता काय करायचे, अहो?" हा सौ.चा दरवर्षीचा प्रश्न. गेल्या वर्षी त्याचे उत्तर नातवाने परस्पर दिले. "आजोबा, हे आपल्या माशांच्या पेटीत ठेवू या. मासे किल्ल्यात राहतील!"

कल्पना मला इतकी आवडली की मी पुढचामागचा विचार केला नाही. ढिगात एक दगड माझा होता. दिवाळीच्या आठ दिवस आधी रत्नागिरीहून येताना किनाऱ्यावरून उचललेला, अंगभर कालवांच्या शिंपल्या चिकटलेला. बालेकिल्ल्यासाठी याहून शोभिवंत दगड मिळणार नाही असे मला वाटले. नळाखाली धरला आणि पेटीत ठेवला. पेटीत पाच निऑन टेट्रा आणि दोन काळ्या मॉली. किल्ल्यात राहायला आलेल्या पाहुण्यांना नातवाने आनंदाच्या भरात चिमूटभराऐवजी मूठभर खाणे घातले.

तिसऱ्या दिवशी पाणी तांदळाच्या धुवणासारखे झाले. मासे वर येऊन तोंडे उघडू लागले. चौथ्या दिवशी सकाळी पाचही टेट्रा गेले होते. "मूठभर खाणे घातलेस ना, म्हणून," असे घरातले प्रत्येकजण म्हणाले. मीही म्हणालो. पोर काही बोलले नाही, दुपारी जेवलेही नाही, आणि दुसऱ्या दिवशी आईबरोबर नागपूरला गेले.

पेटी धुताना तो दगड हातात घेतला आणि वास आला. चाकूने एक शिंपला उघडला. आत मेलेले कालव सडत होते. एक नव्हे, निदान दहाबारा. जे कुजते त्यातून पाण्यात अमोनिया सुटतो, आणि कुजवणारे जंतू पाण्यातला प्राणवायूही खाऊन टाकतात. मूठभर खाण्याने पाणी बिघडते हे खरे, पण ते मी त्याच संध्याकाळी जाळीने काढून टाकले होते. मासे मारले ते माझ्या बालेकिल्ल्याने.

तेव्हापासून दगड या विषयात मी लक्ष घातले आहे. आपल्याकडचा काळा कातळ माशांच्या पेटीला उत्तम. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा तो बनलेला आहे आणि पाण्यात तो जवळजवळ काहीच सोडत नाही. पण त्याच्या पोटात पांढरे ठिपके, पांढऱ्या शिरा असतात, तिथे थांबावे. ते पांढरे गारगोटी असेल तर चिंता नाही. कॅल्साइट असेल तर तो चुनखडीचाच सख्खा भाऊ. ओळखायला सोपे आहे. चाकूच्या टोकाने ओरखडा काढा. गारगोटीवर उमटत नाही, कॅल्साइटवर सहज उमटतो. मग त्या ओरखड्यावर लिंबू पिळा किंवा व्हिनेगरचे दोन थेंब टाका. बारीक बुडबुडे आले की दगड बाजूला.

काळा म्हणजे कातळच, असेही समजू नका. स्वयंपाकघरातल्या ओट्याचा कडप्पा काळाच, पण तो चुनखडक. ओट्यावर लिंबू सांडले की पांढुरका डाग पडतो आणि तो घासून जात नाही, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. तो डाग म्हणजे आपली परीक्षाच! शहाबादी फरशी चुनखडकाची, संगमरवराचे तुकडे तसेच, शंखशिंपल्यांचेही तेच. हे सारे पाण्यात हळूहळू विरघळते आणि पाणी जड होते. मॉलीला, गप्पीला ते चालते, नव्हे आवडते. निऑन टेट्राला ते सोसत नाही. एरवी बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही म्हणून आपण कुरकुरतो. त्या बिचाऱ्या माशाला कुरकुरताही येत नाही.

किल्ल्याच्या दगडांना आणखी एक खोड असते. आपण त्यांना चुना लावतो, गेरू फासतो, आणि मुले बुरुजात फटाके खोचतात. चुन्याचा हात लागलेला दगड मी आता पेटीजवळ फिरकू देत नाही. कितीही घासला तरी भोकाभोकांत चुना राहतो आणि तो पाणी भलतेच क्षारयुक्त करतो. बाजारातले निळे-गुलाबी रंगवलेले खडेही नकोत, रंग सुटतो. गंजासारख्या किंवा मोरचुदासारख्या निळ्या-हिरव्या रेघा असलेले दगड नकोत, त्यात धातू असतो. जांभ्याचे मी एकदा करून पाहिले. धुऊन धुऊन बादली लाल होत राहिली, शेवटी हातच थकले. आणि राष्ट्रीय उद्यानातून खडासुद्धा उचलू नये, तो गुन्हा आहे.

पसंत पडलेला दगड काथ्याच्या ब्रशाने घासावा. साबण लावू नये, तो भोकांत बसतो. मग बादलीत ठेवून वरून उकळते पाणी ओतावे आणि निवू द्यावे. दगड गॅसवर पातेल्यात उकळत ठेवू नये. आतल्या पोकळीतल्या पाण्याची वाफ झाली तर दगड फुटून तुकडे उडतात. नंतर निदान पंधरा दिवस साध्या पाण्यात ठेवावा. त्या पाण्यात आणि नळाच्या पाण्यात सारखाच साबण घोळून फेस पाहावा. बादलीतला फेस कमी झाला तर दगडाने काहीतरी सोडले आहे. (ते पाणी नंतर पेटीत नाही, मोरीत.) लिंबाला चकवणारे दगडही इथे पकडले जातात.

मांडताना आधी दगड, मग वाळू. वाळूवर ठेवलेल्या दगडाखाली मासे उकरतात आणि तो काचेवर कलंडतो. कातळाचे वजन तेवढ्याच पाण्याच्या जवळजवळ तिप्पट. तळाशी थर्मोकोलचा पातळ तुकडा असला म्हणजे मला झोप लागते.

यंदा दसऱ्यापासून माझी बादली गॅलरीत आहे. सौ.चा तिसऱ्यांदा निरोप आला आहे की ती धुण्याची बादली आहे. आत पाच दगड आहेत, लिंबातून पास झालेले. सहावा फसफसला.

नातू वसुबारसेला येतो आहे. परवा फोनवर म्हणाला, "आजोबा, या वेळी मी मोजून चारच दाणे टाकीन. नाहीतर तुम्हीच टाका, मी लांबून बघीन."

त्या दगडावरचा एक रिकामा शिंपला मी ठेवून दिला आहे. किल्ल्याचा पहिला दगड बसण्याआधी तो त्याच्या हातात द्यायचा आहे, आणि गेल्या वर्षी काय झाले ते सांगायचे आहे. सौ. म्हणते, जेवणानंतर सांगा. मी म्हणतो, आधी.