प्रासादाबाहेरचे राष्ट्रपती

सुरतेहून निघून आमच्या नंदुरबार स्थानकावर थांबणारी ताप्ती-गंगा एक्स्प्रेस ज्या छपऱ्यास जाते, तेथील जिल्हा शाळेत देशाचे पहिले राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद शिकले, आणि तेथून पुढे, सिवान जिल्ह्यातील ज्या जिरादेई गावी ३ डिसेंबर १८८४ रोजी त्यांचा जन्म झाला, तेथे त्यांचा वडिलोपार्जित वाडा पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आजही उभा आहे. कोरीटसारख्या खानदेशी खेड्यातील माणसास तो परका वाटू नये, इतका हा मार्ग सरळ आहे.

राष्ट्रपतिपद म्हणताच दिल्लीतील ३४० दालनांचा प्रासाद डोळ्यांपुढे येतो. माझे मत असे की, त्या पदाचे मर्म ज्याला जाणून घ्यावयाचे असेल त्याने पदापूर्वीचे आणि पदानंतरचे घर आधी पाहावे. ज्या घराण्यातील एक पुरुष हथुवा संस्थानचा दिवाण होता, ज्या घरातील मुलाने मौलवींपाशी बसून फारसीचे पहिले धडे गिरविले आणि १९०२ साली कलकत्ता विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत पहिला क्रमांक मिळविला, त्या घराची वास्तू चरित्रग्रंथाइतकीच बोलकी असते.

पाटण्यातील सदाकत आश्रम मला याहूनही मोलाचा वाटतो. मझहरुल हक यांनी १९२१ साली उभारलेल्या या आश्रमातून ९ ऑगस्ट १९४२ रोजी राजेंद्रबाबूंना अटक झाली आणि दमेकरी प्रकृतीच्या या पुरुषाने पुढील जवळजवळ तीन वर्षे बांकीपूरच्या तुरुंगात काढून तेथे आपल्या आत्मकथेचे लेखन केले. त्या अटकेनंतर बरोबर एक महिन्याने, ९ सप्टेंबरला, त्याच ‘चले जाव’ चळवळीत आमच्या नंदुरबारात बाल शिरीषकुमार आपल्या सवंगड्यांसह गोळीबारात हुतात्मा झाला. म्हणून त्या आश्रमाचा इतिहास आमच्याही घरचाच आहे. बारा वर्षे राष्ट्राचे प्रथमपद भूषवून १९६२ साली ते परतले, ते याच आश्रमातील साध्या निवासात, आणि २८ फेब्रुवारी १९६३ रोजी येथेच त्यांनी देह ठेवला. आज तेथे त्यांचे स्मृतिसंग्रहालय आहे.

ज्या १९६२ साली राजेंद्रबाबू पदमुक्त झाले, त्याच साली आपल्या खानदेशातील नाडगावच्या कन्या प्रतिभाताई पाटील जळगावातून प्रथम विधानसभेवर निवडून गेल्या, आणि २००७ साली देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. त्यांच्या नावे खानदेशात कधी स्मारक झालेच, तर त्यात मानचिन्हे व तैलचित्रे यांची आरास नसावी. मतदारांचे अर्ज, दौऱ्यांच्या नोंदी, सरकारदरबारी केलेला पत्रव्यवहार, घरातील नित्याच्या वस्तू, हेच तेथील खरे वैभव ठरेल. असे कागद वाळवीच्या भक्ष्यस्थानी पडण्यापूर्वी जमविण्याचे काम जळगाव आणि नंदुरबारच्या जिल्हा परिषदांनी हाती घ्यावे. आणि ज्या शिक्षकांना शक्य असेल त्यांनी येत्या सुटीत थोरल्या विद्यार्थ्यांना घेऊन जिरादेईची वाट धरावी, एवढी माझी विनंती आहे.