वाढीव ताकद नको, दुरुस्तीची किल्ली हवी



तालुक्याच्या बाजारात एक नवा माल विकायला आला आहे. त्याचे नाव हॉर्सपॉवर. पूर्वी हॉर्सपॉवर वाढवायची तर मोठा ट्रॅक्टर घ्यावा लागे आणि त्यासाठी बँकेच्या दारात उभे राहावे लागे. आता म्हणे एक डबी वायरीला जोडली की ५५ एचपीचा ट्रॅक्टर ६५चा होतो आणि वर डिझेलही वाचते. पिकअपवाल्यांसाठी हीच डबी, मोटारसायकलवाल्या पोरांसाठी तिची धाकटी बहीण. कुणी डबी विकतो, कुणी लॅपटॉप घेऊन येतो आणि "मॅप बदलून देतो" म्हणतो.

औषधाच्या बाटलीवर "सर्व पिके, सर्व किडी" असे लिहिलेले दिसले की शहाणा शेतकरी ती बाटली दुकानदाराला परत देतो. या डबीलाही तोच न्याय लावायला हवा. त्यासाठी आत काय आहे ते आधी समजून घेऊ.

जुन्या ट्रॅक्टरचा पंप मिस्त्री स्क्रू फिरवून 'वाढवून' देत असे. जास्त डिझेल जाई, जोर वाटे आणि सायलेन्सरमधून काळा धूर निघे. तो काळा धूर म्हणजे न जळलेले, आपण पैसे मोजलेले डिझेल. नव्या कॉमन रेल इंजिनात डिझेल एका नळीत प्रचंड दाबाखाली भरलेले असते आणि ते कधी व किती सोडायचे हे ईसीयू नावाचा छोटा संगणक ठरवतो. डबी त्या नळीतल्या दाबाचा सेन्सर आणि ईसीयू यांच्यामध्ये बसते आणि दाब आहे त्यापेक्षा कमी असल्याचे खोटेच सांगते. ईसीयू बिचारा दाब वाढवतो, जास्त डिझेल जाते. रिमॅप म्हणजे ईसीयूमधले मूळ कोष्टकच पुसून दुसरे लिहिणे. आणि डिझेल वाचवण्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या काही स्वस्त डब्यांत लुकलुकणाऱ्या दिव्याखेरीज काहीच नसते.

आता हिशेब मांडू. एक लिटर डिझेलमधून चांगल्या इंजिनाला सुमारे सव्वाचार हॉर्सपॉवर-तास काम मिळते. म्हणजे १० एचपी खरोखर वाढवून तासभर वापरली, तर तासाला सव्वादोन ते अडीच लिटर डिझेल जास्त जाणारच. जास्त ताकद आणि कमी डिझेल ही दोन्ही आश्वासने एकाच डबीतून पुरी होत नाहीत. मोटारसायकलचे तर विचारूच नका. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनात हवा जेवढी जाते तेवढीच जाते. कोष्टक बदलून फार तर थोडा फरक पडतो.

बरे, वाढलेली ताकद जमिनीपर्यंत पोचते का? नांगराला ओढ मिळते ती ट्रॅक्टरचे वजन आणि टायरची पकड यांतून. शेतात चाके १० ते १५ टक्के सरकली तर ते चालण्यासारखे आहे. त्यापुढे जेवढा जोर लावाल तेवढी चाके जागीच फिरतील, टायर झिजतील आणि खालचा थर दाबला जाईल. रोटाव्हेटरला पीटीओवर वाढीव जोर मिळतो हे खरे. पण क्लच, गिअर, शाफ्ट ५५च्या हिशेबाने बनवलेले आहेत. ते त्या डबीबरोबर बदलून मिळत नाहीत. जादा डिझेलने जादा उष्णता होते, तिचा भार पिस्टनवर, हेड गॅस्केटवर आणि टर्बोवर पडतो. मोडल्यावर कंपनी वॉरंटी नाकारते, विमेवाल्यालाही निमित्त मिळते. २०१९ साली दुरुस्त झालेल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ प्रमाणे वाहनात बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला बदलागणिक ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. डबी विकणारा तोवर पुढच्या बाजाराला गेलेला असतो.

ज्याला खरेच डिझेल वाचवायचे आहे त्याने एअर फिल्टर वेळेवर साफ करावा, टायरमधली हवा तपासावी, नांगरणीला वजने लावावीत आणि ट्रॉलीला ती काढावीत, पीटीओचे काम नसेल तर हलक्या कामाला वरचा गिअर टाकून रेस कमी ठेवावी. यात कुणाला कमिशन नाही, म्हणून याची जाहिरात होत नाही.

एवढे सांगून थांबलो तर अर्धेच सांगितल्यासारखे होईल. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे ट्रेम-४ नियम लागू झाले आणि ईसीयू शेतात आला. मोटारसायकली आणि पिकअप १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मध्ये गेल्या. धूर कमी झाला हे चांगलेच झाले, तो धूर पहिल्यांदा ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्याच छातीत जातो. पण त्याबरोबर इंजिनाला कुलूप लागले. एखादा सेन्सर बिघडला की ईसीयू इंजिनाची ताकद उतरवून ठेवतो. बिघाड कोणता हे वाचण्याचे यंत्र आणि त्याचे सॉफ्टवेअर कंपनीच्या माणसाकडे. गावचा मिस्त्री हात चोळत उभा राहतो. वाफसा कंपनीच्या माणसाची वाट बघत थांबत नाही. पेरणीचे दोन दिवस गेले तर त्या हंगामाचे नुकसान कोण भरून देणार? अशा कोंडीतल्या माणसालाच लॅपटॉपवाला देवदूत वाटतो. चोरट्या बाजाराला गिऱ्हाईक मिळते ते या कुलपामुळे.

कंपन्या म्हणतात, सॉफ्टवेअर उघडे केले तर शेतकरी प्रदूषण-नियंत्रण काढून टाकेल. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत उघडकीस आलेले फोक्सवॅगन प्रकरण आठवा. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्यांत, तपासणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारे सॉफ्टवेअर बसवलेले होते. ते कोणा मिस्त्रीने बसवले नव्हते, कारखान्यातूनच आले होते. कुलूप होते म्हणून चोरी झाली नाही असे नाही. कुलूप होते म्हणून ती वर्षानुवर्षे दिसली नाही.

अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी हा लढा आपल्याआधी सुरू केला. कोलोराडो राज्यात शेती-यंत्रे दुरुस्त करण्याच्या हक्काचा कायदा १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. तिथल्या पर्यावरण खात्याने ऑगस्ट २०२३ मध्येच लेखी कळवले होते की, स्वच्छ हवेचा कायदा शेतकऱ्याला आपले यंत्र दुरुस्त करण्यापासून अडवत नाही. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने दुरुस्तीच्या मक्तेदारीबद्दल जॉन डीअर कंपनीवर खटला भरला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि तिच्या यादीत शेती-यंत्रे होती. पण समिती म्हणजे कायदा नव्हे.

म्हणून दुरुस्ती आणि छेडछाड यांतला फरक आपण आधी आपल्या मनाशी पक्का केला पाहिजे. धूर वाढवण्याची सूट आपण मागत नाही. जिल्हा बैठकीपुढे मागण्या ठेवाव्यात त्या अशा. बिघाडाचा कोड वाचण्याचे साधन आणि मराठी माहितीपुस्तिका रास्त किमतीत कुणालाही मिळावी. सुटा भाग बदलल्यावर ईसीयूला त्याची ओळख करून देण्याची सोय स्वतंत्र मिस्त्रीलाही असावी. आयटीआयमध्ये गावच्या मिस्त्रींसाठी याचे वर्ग सुरू व्हावेत. दुसरीकडे दुरुस्ती केली एवढ्या कारणाने वॉरंटी रद्द होऊ नये. आणि खोट्या डब्या विकणाऱ्यांवर गुन्हे दाखल व्हावेत, दंड फक्त शेतकऱ्याला नको.

ट्रॅक्टरचे हप्ते आपण फेडतो. त्याच्या इंजिनाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात राहत असेल, तर आपण त्या यंत्राचे मालक नाही, राखणदार आहोत. बैठकीला येताना गावच्या मिस्त्रीलाही बरोबर आणा. हा लढा त्याचाही आहे.