वकिलाची फी : सही करण्याआधी विचारा

मेहर, पोटगी किंवा वारसाहक्काच्या दाव्यासाठी आपल्या आया-बहिणी दागिने मोडतात, पण फीचा हिशेब विचारायला संकोचतात. आम्ही म्हणतो, वकीलपत्रावर सही करण्याआधीच विचारा. फी एकरकमी की दर तारखेला? कोर्ट फी, टायपिंग, झेरॉक्स वेगळं? पावती मिळेल ना? मिळणाऱ्या रकमेत कुणी वाटा मागितला तर साफ नकार द्या. बार कौन्सिलच्या नियमांत ते बसत नाही. शिवाय १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार महिलेला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या किंवा १५१०० वर फोन करा. सोनाराकडे जाण्याआधी ही पायरी चढा.